पाजणाऱ्या आईला सल्ला कमी, सोय जास्त



दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. त्या आठवड्यात मोबाईलवर 'आईचं दूध म्हणजे अमृत' अशी चित्रं सकाळपासून येत राहतात. आपणही ती पुढं पाठवतो. नेमका तेव्हाच आपला चातुर्मास चालू असतो, घराघरात नियम-उपवासांच्या गोष्टी सुरू असतात आणि दशलक्षण पर्वाची तयारी मनात असते. त्याच घरात एखादी सून किंवा माहेरी आलेली लेक दोन-तीन महिन्यांचं बाळ घेऊन बसलेली असते. तिच्याबद्दल आज मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे आकडे दिसले की थांबून वाचायची सवय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असं दिसलं की देशात शंभरातली जवळजवळ ८९ बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध मिळणारी बाळं शंभरात ४२ सुद्धा भरत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी फक्त आईच्या दुधावर असलेली शंभरात ६४. म्हणजे दवाखाना पोचला, डॉक्टर पोचले, पण दूध पोचायचं राहिलं.

मुलींना हे माहीत नसतं असं नाही. आजच्या मुली नववा महिना लागायच्या आत सगळं वाचून बसतात. अडतं ते घरात. पाहुणे येतात, सल्ले येतात, कामं येतात, आणि तिला शांतपणे बाळाला घेऊन बसायला जागा आणि वेळ मिळत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की अंगावर पाजणं ही त्या मुलीची एकटीची परीक्षा नाही. ते घरातल्या मोठ्या बायकांचं काम आहे, आणि आपण ते सल्ले देऊन नाही, सोय करून पार पाडायचं आहे.

पहिल्या दुधापासून सुरुवात करू. बाळंत झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं ते चिकाचं. ते थोडंच असतं, चमचा-चमचा. पण त्या वेळी बाळाचं पोटही तेवढंच असतं. रोगांशी लढायची पहिली शिदोरी त्यातच असते. पूर्वी ते 'जड' किंवा 'वाईट' म्हणून पिळून टाकायची पद्धत होती आणि काही घरांत अजून आहे. आपल्याकडे गाय व्यायली की पहिले काही दिवस तिचं दूध घेत नाहीत. मी त्याचा अर्थ असा लावते की ते दूध वासराचं आहे, त्यावर आपला हक्क नाही. तोच न्याय इथं लावा. आईचं पहिलं दूध ज्याच्यासाठी उतरलं आहे त्यालाच मिळालं पाहिजे. ते फेकणं म्हणजे बाळाच्या वाट्याचं काढून घेणं.

दुसरी गोष्ट मधाची. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग हा आपल्या श्रावकाच्या मूलगुणांतला पाया. एरवी आपण मधाचं बोटही लावत नाही. तरी 'औषध म्हणून' नवजात बाळाच्या जिभेवर मध चाटवणारी आपल्यातलीच घरं मी पाहिली आहेत. डॉक्टरही सांगतात की एक वर्षापर्यंत बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. मधात कधी कधी असे सूक्ष्म जीव असतात की ते तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळाच्या जिवावर बेततं. इथं धर्म आणि डॉक्टर एकच सांगतात, मग अडतं कुठं?

गुटीचं थोडं अवघड आहे, कारण ती आजीच्या हातची असते. सहाणेवर हळकुंड, मायफळ, सुंठ, वेखंड उगाळून देण्यात माया असते, हे मला मान्य आहे. पण जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको. पाणीसुद्धा नको, मे महिन्यातही नको, कारण आईच्या दुधात पाणी भरपूर असतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालतात. सहाण धुऊन ठेवून द्या. आजीच्या हातांना दुसरी पुष्कळ कामं आहेत, ती पुढं सांगते. सहा महिन्यांनंतर वरणाचं पाणी नव्हे, चांगलं घट्ट मऊ वरण-भात, नाचणीचं सत्त्व सुरू करायचं, आणि त्याबरोबर अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा त्याहून पुढंही चालू ठेवता येतं.

आता पाजायचं कसं. 'त्यात काय शिकायचं, बाळ आपोआप ओढतं' असं आपण म्हणतो, पण पहिलटकरणीला ते दाखवावं लागतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, मान वळलेली नाही. आई वाकून बाळाकडे जात नाही, बाळाला उचलून स्वतःकडे आणते. पाठीला उशी, पायाखाली पाट. बाळानं जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की जवळ घ्यायचं. नुसतं बोंड तोंडात जाऊन चालत नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा आत जायला हवा. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. असं धरलं की दुखत नाही. बोंडाला चिरा पडतात त्या बहुतेक वेळा धरणं चुकल्यामुळे. तिथं मलमं लावण्याआधी बाळाची पकड बघा आणि पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब चोळून वाळू द्या. छाती दाटून दगडासारखी झाली तर पाजण्याआधी थोडा कोमट शेक, हातानं थोडं दूध काढून मऊ करणं, आणि पाजल्यावर थंड पट्टी. लाल चट्टा आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं, पण पाजणं बंद करू नये. बंद केलं तर दूध साठून दुखणं वाढतं.

यानंतर ते वाक्य, जे प्रत्येक बाळंतिणीनं ऐकलेलं असतं. 'काय गं, दूध पुरतंय का? बाळ सुकल्यासारखं दिसतंय.' बघायला आलेली मावशी चहा पिता पिता हे बोलून जाते आणि ती मुलगी रात्रभर रडते. दोन दिवसांत घरात डबा येतो. डबा आला की बाळ तेवढं कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध कमी होतं. हे साधं मागणी-पुरवठ्याचं गणित आहे. आईचं शरीर मागणी बघून माल तयार करतं. जितकं बाळ ओढेल तितकं दूध येईल, आणि रात्रीचं पाजणं त्यात फार महत्त्वाचं.

पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरत नाही. बाळ पोट दुखलं तरी रडतं, झोप आली तरी रडतं, नुसतं कुशीत यायचं असलं तरी रडतं. हिशोब दोन ठिकाणी बघा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होतो का? आणि वजन? पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. ते साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यावं आणि पुढं वाढत राहावं. हे दोन्ही ठीक असेल तर मावशींना लाडू द्यावा आणि विषय बदलावा. ठीक नसेल, किंवा बाळ सुस्त पडून राहत असेल, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

डब्याच्या दुधाबद्दल एक कायदा आहे, तो आपल्याला माहीत असावा. १९९२ च्या या कायद्यानं, आणि २००३ च्या दुरुस्तीनं, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. कुणी 'सँपल' हातात ठेवलं तर नम्रपणे परत करा.

खाण्यापिण्याविषयी. लसणीशिवाय दूध येत नाही, असं शेजारच्या बायका आपल्याला सांगतात. आपल्यात पिढ्यानपिढ्या लसूण-कांदा न खाता बाळं वाढली. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शेपूची भाजी, बाळंतशोपा, खसखस हे सगळं चांगलं आहे. त्यातून लोह, कॅल्शियम, ताकद मिळते. पण कोणताही एक पदार्थ दूध 'आणत' नाही, ते बाळाच्या ओढण्यानंच येतं. म्हणून 'लाडू खाल्ले नाहीस, म्हणून दूध नाही' असं तिला ऐकवू नये.

खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची हवी. आपल्या शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्व फक्त दूध-दही-ताकातून मिळतं आणि ते अनेकदा पुरत नाही. आईच्या अंगात ब-१२ कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरतं, आणि बाळाच्या रक्तावर, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आपला आहार सोडायची काही गरज नाही. डॉक्टरांना सांगून तपासणी करायची आणि त्या म्हणतील तशी गोळी घ्यायची. लोहाची आणि कॅल्शियमची गोळीही बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायची असते. सरकारी दवाखान्यातही ती मिळते. बाळंतपण झालं की गोळ्यांची पुडी कपाटात जाते, हे मी किती घरांत पाहिलं आहे.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले तो विषय. रात्रीचं पाणी आणि पर्वातले उपवास.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हिशोबानं पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. तेवढं तिला मिळालं नाही तर दूध लगेच आटत नाही. शरीर आधी बाळाला देतं. पण ते येतं कुठून? आईच्या हाडांतून, रक्तातून. आपल्या भाषेत सांगायचं तर उत्पन्न थांबलं तरी खर्च चालू राहतो, आणि तो मुद्दलातून जातो. चाळिशीत कंबर धरलेल्या कितीतरी बायका आपल्या ओळखीत आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या सहा महिन्यांत तरी पाजणाऱ्या आईनं निर्जळ उपवास करू नये, रात्री तहान लागली तर पाणी प्यावं आणि भूक लागली तर खावं. हे धर्माविरुद्ध आहे असं मला वाटत नाही. सोळाकारण भावना आपण दरवर्षी म्हणतो. त्यात त्याग आणि तप दोन्ही आहेत, पण नुसते नाहीत, दोन्हींच्या आधी 'शक्तितः' हा शब्द लावलेला आहे. शक्तीप्रमाणे त्याग, शक्तीप्रमाणे तप. ज्या शरीरातून दुसरा जीव जगतो आहे त्याची शक्ती मोजताना दोघांची मोजायला हवी. तान्ह्याला भूक लागली असताना आईला चक्कर येते आहे, त्या उपवासात अहिंसा कुठं बसवायची?

ज्या मुलींनी रात्रीभोजनत्यागाचा नियम महाराजांकडून किंवा माताजींकडून घेतला आहे त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांनी मनानं मोडू नये आणि कुढतही बसू नये. ज्यांच्याकडून नियम घेतला त्यांना विचारावं. पण विचारणार कोण? ती बाळंतीण घराबाहेर पडू शकत नाही, आणि असं विचारायला तिला संकोच वाटतो. म्हणून सासूनं किंवा आईनं तिच्या वतीनं जाऊन विचारावं. हे आपलं काम आहे. तिच्याकडून 'मी करते उपवास, मला काही होत नाही' असं वदवून घेऊन मग चारचौघींत कौतुक सांगणं, हे मात्र आपण थांबवायला हवं.

तिचं तप चाललेलंच आहे. मी एकदा गणित मांडलं. बाळ दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पितं. दहा वेळा धरा, प्रत्येक वेळी वीस मिनिटं. झाली दोनशे मिनिटं. आपलं एक सामायिक ४८ मिनिटांचं. म्हणजे ती मुलगी रोज चार सामायिकांहून जास्त वेळ एका जागी बसते, मध्यरात्री उठून बसते. त्या वेळात तिनं णमोकार मनात म्हटला तर उत्तमच, नाही म्हटला आणि डोळा लागला तरी हरकत नाही.

मग सोय म्हणजे नेमकं काय? माझ्या नातीच्या वेळी आम्ही कामं वाटून घेतली होती. सूनबाईनं फक्त पाजायचं आणि झोपायचं. पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलणं हे मुलाकडे. मालिश, अंघोळ आणि धुणं माझ्याकडे आणि विहीणबाईंकडे. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या, लाडवाचा डबा. सूर्यास्ताआधी तिचं ताट सगळ्यांत आधी वाढायचं, घरातल्या पुरुषांच्याही आधी. पाहुण्यांना दुपारी चार ते पाच एवढीच वेळ. काही जण रुसले. नंतर हसले. आपल्या सूतकाच्या दिवसांत बाळंतिणीला मंदिर नाही, स्वयंपाकघर नाही. त्या दिवसांचा उपयोग तिच्या विश्रांतीसाठी करा, तिला कोपऱ्यात एकटं ठेवण्यासाठी नको. ती कारण नसताना रडत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नाही म्हणत असेल, आणि हे दोन आठवड्यांच्या पुढं चाललं, तर तो आजार आहे, नाटक नाही. डॉक्टरांकडे न्या.

नोकरीवर परतणाऱ्या मुलींसाठी. २०१७ पासून कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर हवं आणि दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा हवी. पण हे सगळीकडे मिळत नाही, म्हणून दूध काढून ठेवावं लागतं. स्वच्छ हातांनी, स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात. बाहेर चार तासांच्या आत संपवायचं, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, फ्रीजमध्ये चार दिवस. देताना गरम पाण्याच्या वाटीत भांडं ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही. उकळल्यानं त्यातला रोगांपासून जपणारा अंश नष्ट होतो. द्यायचं वाटी-चमच्यानं, बाटलीनं नाही. इथं एक शंका हमखास येते: दूध काढल्यावर ४८ मिनिटांच्या आत तापवायची आपली मर्यादा, तिचं काय? ती मर्यादा आपण व्रती माणसं जे गाई-म्हशीचं दूध पितो त्याची. तान्हं बाळ कोणत्याच व्रतात नाही.

ज्यांना दूध जास्त येतं त्यांनी मातृदुग्धपेढीची चौकशी करावी. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली पेढी सुरू केली. आता अनेक मोठ्या शहरांत आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते दूध मिळतं. आपल्या चार दानांत आहारदान आहे आणि औषधदानही. या एका दानात दोन्ही येतात.

आणि ज्यांना काही कारणानं खरंच जमत नाही, आईला आजार आहे, औषधं चालू आहेत, बाळ दत्तक घेतलेलं आहे, त्यांना बोल लावू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं वरचं दूध देणारी आईसुद्धा आईच आहे.

शेवटी समाजाला एक विनंती. पंचकल्याणकात आपण जन्मकल्याणक साजरं करतो, तीर्थंकरांच्या मातेचा सन्मान करतो, पाळणा हलवायला रांग लावतो. त्याच मंडपात तान्हं बाळ रडायला लागलं की त्याची आई पदर सावरत गाड्या लावलेल्या जागेकडे धावते. मंडपाच्या एका कोपऱ्यात पडदा, दोन पाठ टेकायच्या खुर्च्या, एक पंखा आणि पिण्याच्या पाण्याचा माठ, एवढ्याला किती खर्च येतो? मंदिरातही असा एक कोपरा हवा. महिला मंडळानं मनावर घेतलं तर येत्या दशलक्षण पर्वाआधी होईल.

तुमच्या गावात झालं तर मला जरूर कळवा. आणि घरात पाजणारी आई असेल तर आज संध्याकाळी तिचं ताट सगळ्यांत आधी वाढा.

जय जिनेंद्र.